डोळ्यांचे डॉक्टर टिखो आणि त्यांचे घर



यरुशलेमला आपण सर्वजण वर्षातून एकदा-दोनदा जातोच. कोतेलला जातो, मखाने येहुदाच्या बाजारात कोथिंबीर-मिरचीचा भाव करतो आणि संध्याकाळची बस गाठून घरी परततो. याफो रस्त्यावरच्या ट्रामने जाताना सियोन चौक लागतो. त्या चौकापासून चार पावलांवर रब्बी कूक यांच्या नावाची एक लहानशी गल्ली आहे. त्या गल्लीत, झाडांच्या मागे, जुन्या तुर्की अमदानीतले एक दुमजली दगडी घर उभे आहे. बाहेरच्या गर्दीतून ते दिसतही नाही. त्याचे नाव बेत टिखो, म्हणजे टिखो यांचे घर. आज ते इस्राएल म्युझियमचा एक भाग आहे.

आमच्या गावच्या ज्येष्ठ मंडळींची सहल गेली होती, तेव्हा मी हे घर प्रथम पाहिले. खरे सांगायचे तर उन्हाने जीव कासावीस झाला होता आणि आम्ही सावलीसाठी आत शिरलो. माहिती सांगणाऱ्या बाईंच्या तोंडी एक हिब्रू शब्द वारंवार येत होता. गरेनेत, गरेनेत. गरीन म्हणजे बी किंवा दाणा, एवढे मला ठाऊक होते. पण हा कोणता रोग, ते कळेना. मग त्यांनी पापणी उलटी करून आतल्या बाजूस दाणे येतात असे बोटाने दाखविले, आणि मला एकदम उमगले. अहो, या तर आपल्या खुपऱ्या!

माझ्या आजीचे डोळे खुपऱ्यांनी गेले. रेवदंड्याच्या घरी ती ओटीवर बसलेली असे आणि आम्हां नातवंडांना पावलांच्या आवाजावरून ओळखी. तिच्या पापण्या आत वळल्या होत्या. केस सारखे बुबुळावर घासत आणि डोळ्यांतून पाणी वाहत राही. दर आठ-दहा दिवसांनी माझी आत्या तिला दाराच्या उजेडात बसवून चिमट्याने ते केस उपटीत असे. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाची वात पेटली की आजी हात पुढे करून ज्योतीची ऊब घेई, कारण ज्योत तिला दिसत नव्हती. हे सर्व देवाच्या मर्जीने झाले असे आम्ही समजत होतो. ज्या काळात माझ्या आजीचे डोळे जात होते, त्याच काळात यरुशलेमला एक माणूस हजारो लोकांचे असेच डोळे वाचवीत होता, हे मला वयाच्या साठीनंतर त्या घरात कळले. म्हणून त्या माणसाची हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

आधी घराविषयी थोडेसे. यरुशलेमवर तुर्की सुलतानांचे राज्य १५१७ पासून १९१७ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षे होते. त्यातील बहुतेक काळ लोक कोटाच्या आतच राहत. रात्री वेशीचे दरवाजे बंद होत. बाहेर राहणे म्हणजे चोरादरोडेखोरांना आमंत्रण. १८६० साली कोटाबाहेर पहिली यहुदी वसाहत उभी राहिली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शहरातील प्रतिष्ठित नशाशिबी घराण्यातील आगा रशीद यांनी हे घर बांधले. जाड दगडी भिंती, उंच कमानदार छते, पावसाचे पाणी साठविण्याची सोय आणि भोवती बाग, असा तो थाट होता.

पुढे हे घर शापिरा नावाच्या एका व्यापाऱ्याने भाड्याने घेतले. हा जन्माने यहुदी, पण ख्रिस्ती झालेला. कोटाच्या आत त्याचे पुराणवस्तूंचे दुकान होते. १८८३ साली तो कातड्याच्या काही जुन्या पट्ट्या घेऊन लंडनला गेला. मोशेच्या पाचव्या पुस्तकाची ही अतिप्राचीन प्रत आहे असे सांगून त्याने ब्रिटिश म्युझियमकडे दहा लाख पौंड मागितले. पंडितांनी त्या पट्ट्या बनावट ठरविल्या. त्याची नाचक्की झाली. तो परत घरी आलाच नाही. १८८४ साली रॉटरडॅम शहरातील एका हॉटेलात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पट्ट्याही पुढे नाहीशा झाल्या. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्यावर, शापिराच्या पट्ट्या खऱ्याच तर नसतील, असा वाद काही विद्वानांनी पुन्हा उकरून काढला आहे. असो. शापिराचे नाव त्या घराला चिकटले नाही. ते नाव मिळाले त्याच्यानंतर चाळीस वर्षांनी आलेल्या डॉक्टरांना.

अब्राहाम अल्बर्ट टिखो यांचा जन्म १८८३ साली, म्हणजे शापिरा लंडनला गेला त्याच वर्षी, मोराविया प्रांतातील बोस्कोवित्से या गावी झाला. हा प्रांत त्या वेळी ऑस्ट्रियाच्या बादशाहीत होता, आज तो चेक देशात आहे. गावात यहुद्यांची जुनी वस्ती होती. डॉक्टरांचे शिक्षण प्राग आणि व्हिएन्ना या शहरी झाले. त्या काळी डोळ्यांच्या शास्त्रात व्हिएन्नाचा हात धरणारे दुसरे शहर नव्हते. जगभरातून डॉक्टर तेथे शिकावयास येत. असे शिक्षण घेतलेल्या तरुणाला व्हिएन्नात पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते.

परंतु यरुशलेमला लेमान सियोन नावाचे डोळ्यांचे एक धर्मादाय इस्पितळ होते. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरच्या यहुदी मंडळींनी ते चालविले होते. त्यांना डॉक्टर हवा होता. १९१२ साली टिखो तेथे आले. वय तिशीच्या आत. शहरात नळाचे पाणी नव्हते, गटारे नव्हती, विजेचा दिवा नव्हता.

आता या रोगाविषयी दोन शब्द सांगते, म्हणजे डॉक्टरांच्या कामाची अडचण ध्यानात येईल. खुपऱ्यांचा जंतू एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. बोटे, पंचा, उशी आणि माश्या ही त्याची वाहने. पाणी कमी, तोंड धुणे कमी, एका खोलीत पाच-सहा मुले, अशा घरी तो ठाण मांडतो. मूल लहान असताना पापणीच्या आत दाणे येतात. डोळे लाल होतात, चिकटतात, आणि बरे झाल्यासारखे वाटतात. पुन्हा लागण होते. असे वर्षानुवर्षे चालते. दाण्यांच्या जागी वण पडतात, वण आखडतात आणि पापणी आत ओढली जाते. मग पापणीचे केस बुबुळावर घासू लागतात. बुबुळ झिजते, त्यावर फूल पडते आणि माणूस आंधळा होतो. म्हणजे डोळा जातो तिशी-चाळिशीत, पण त्याचे बी पडलेले असते बालपणी. बायकांमध्ये हा रोग अधिक आढळतो, कारण मुलांना पोटाशी घेऊन निजते ती आई.

त्या वेळी जगाला या रोगाची इतकी धास्ती होती की न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरणाऱ्या माणसाची पापणी उलटी करून पाहत आणि खुपऱ्या दिसल्या तर त्याला आल्या बोटीने परत पाठवीत. कित्येक कुटुंबांची त्या धक्क्यावर ताटातूट झाली.

यरुशलेममध्ये परत पाठवायला बोट नव्हती. रोगी तेथलेच होते. यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती, शहरचे, खेड्यातले आणि तंबूत राहणारे बेदुईन, सर्वांच्या डोळ्यांत तेच दाणे. औषध म्हणाल तर रामबाण असे काही नव्हते. सिल्व्हर नायट्रेटचे पाणी घालायचे, किंवा पापणी उलटी करून मोरचुदाचा खडा हलक्या हाताने फिरवायचा. हे फार झोंबे. शिवाय एकदा करून भागत नसे, महिनोन्‌महिने करावे लागे. पापणी आत वळलीच असेल तर शस्त्रक्रिया करून ती बाहेर वळवायची. डॉक्टर टिखो यांचे बहुतेक आयुष्य या कामात गेले. एखादी मोठी अद्भुत शस्त्रक्रिया करून कीर्ती मिळावी असा हा धंदा नव्हे. तोच रोग, तीच पापणी, तोच खडा, आणि समोर दर वेळी नवा रडणारा चेहरा.

रोगी इस्पितळात येईपर्यंत वाट पाहणे उपयोगाचे नाही, मुळाशी जायचे तर मुलांकडे गेले पाहिजे, हे त्या वेळच्या जाणत्या लोकांनी ओळखले होते. १९१३ साली अमेरिकेतील हदासा संस्थेने रोझ कॅपलन आणि रेचल लँडी या दोन परिचारिका यरुशलेमला पाठविल्या. हदासाच्या संस्थापिका हेन्रिएटा झोल्ड यांची ही योजना. या दोघींनी शाळांतून मुलांचे डोळे तपासण्याचे आणि औषध घालण्याचे काम हाती घेतले. त्या कामी डोळ्यांच्या डॉक्टरांची साथ लागे, आणि ती देणाऱ्यांत टिखो होते.

शिक्षिका म्हणून मला या ठिकाणी एक कबुली द्यावीशी वाटते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचे काहीएक न लिहिता तो शेजाऱ्याच्या वहीत पाही. मी त्याला आळशी समजून पुढचे तीन महिने मागच्या बाकावर बसविले. पुढे एका परिचारिकेने तपासले तेव्हा कळले की त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा आल्यावर त्याची वही माझ्या वर्गातली सर्वांत नीटनेटकी वही झाली. त्या मुलाचे तोंड मला अजून आठवते. शाळेत डोळे तपासणारी ही पद्धत या देशात कोणी रुजविली, हे त्या वेळी मला माहीत असते तर बरे झाले असते.

डॉक्टर आले त्याच वर्षी, १९१२ साली, त्यांची चुलतबहीण आन्ना आपल्या आईबरोबर यरुशलेमला आली. तिचा जन्म १८९४ साली ब्रनो शहरी झालेला. वाढली व्हिएन्नात, आणि तेथेच चित्रकला शिकली. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. वधू अठरा वर्षांची होती. हिरव्यागार देशातून आलेल्या त्या मुलीला यरुशलेमचे उघडे डोंगर आणि डोळे दिपविणारे ऊन पाहून इतका धक्का बसला की पहिली काही वर्षे तिने फारसे चित्र काढलेच नाही. ती पतीच्या दवाखान्यात मदतीला उभी राहिली. रोग्यांच्या रांगा लावणे, भांडी उकळणे, मुलांचे डोके धरणे, ही कामे करता करता शिकली. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना आन्नाबाई म्हणते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान एका बाजूला, इंग्रज दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १९१७ मध्ये इंग्रजांचे सैन्य यरुशलेममध्ये शिरले. टिखो हे ऑस्ट्रियाचे प्रजाजन, तेव्हा त्यांना शहर सोडावे लागले. ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यकीय कामावर ते दमास्कसला गेले आणि आन्नाबाई त्यांच्याबरोबर गेल्या. तेथे त्या फार आजारी पडल्या. दुखण्यातून उठताना वेळ जाईना म्हणून त्यांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतली, ती मरेपर्यंत खाली ठेवली नाही.

युद्ध संपल्यावर दोघे परत आले. आता राज्य इंग्रजांचे होते. १९१८ साली त्यांच्या लष्करी इंजिनियरांनी हेब्रोनच्या वाटेवरील झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणले. खुपऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट शंभर बाटल्या औषधापेक्षा मोठी होती. टिखो यांनी स्वतःचा दवाखाना काढला, आणि १९२४ साली नशाशिबींनी बांधलेले, शापिराने सोडलेले ते घर विकत घेतले. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड, अशी व्यवस्था झाली. शेजारी देशाचे पहिले अश्केनाझी मुख्य रब्बी कूक यांचे घर. त्याचेही आज म्युझियम झाले आहे.

त्या काळात यरुशलेममध्ये डोळे दुखू लागले की लोकांच्या मनात एकच नाव येई. बागेत, पायऱ्यांवर, झाडांखाली रोगी बसून राहत. एकीकडे काळा डगला घातलेले मेआ शेआरीमचे म्हातारे, दुसरीकडे गाढवावरून मुलाला घेऊन आलेली खेडवळ अरब बाई, पलीकडे एखादा ख्रिस्ती पाद्री किंवा इंग्रज अंमलदार. डोळ्याला पट्टी बांधली की सर्व माणसे सारखीच दिसतात. जॉर्डन नदीपलीकडचे अमीर अब्दुल्ला, जे पुढे राजे झाले, तेही त्यांच्या रोग्यांपैकी होते. अमीर असो की हमाल, पापणी उलटी करायची रीत एकच.

आणि मग १९२९ साल आले. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात देशभर भयंकर दंगली उसळल्या. हेब्रोन शहरी आणि सफेद शहरी यहुद्यांची कत्तल झाली, सूडाच्या भरात काही अरबही मारले गेले. दंगली शमल्या तरी विष शमले नव्हते. त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, एका अरब माणसाने डॉक्टर टिखो यांना दवाखान्याजवळ गाठून सुरा खुपसला. जखम गंभीर होती. ते वाचतात की नाही अशी अवस्था झाली.

ज्या लोकांचे डोळे या माणसाने सतरा वर्षे वाचविले होते, त्याच लोकांपैकी एकाने हे केले. आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते? मी तर प्रामाणिकपणे सांगते, मी दार बंद केले असते. फार तर आपल्याच लोकांपुरते उघडे ठेवले असते, आणि मला कोणी दोषही दिला नसता. व्हिएन्नाची वाट त्यांना अजून मोकळी होती. परंतु परमेश्वराच्या कृपेने डॉक्टर बरे झाले, आणि बरे होताच पुन्हा आपल्या खुर्चीवर येऊन बसले. समोर पुन्हा यहुदी होते आणि अरबही होते. रोग्याची पापणी उलटी करायची म्हणजे डॉक्टरला त्याच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर बसावे लागते. ज्याने सुऱ्याचा घाव सोसला आहे, त्याने अनोळखी माणसाच्या इतके जवळ बसायचे, तेही दिवसातून कितीतरी वेळा आणि पुढची तीस वर्षे. मला वाटते, त्यांच्या शौर्याची मोजणी करायची तर या वीतभर अंतराने करावी.

त्यानंतरची वर्षे कोणालाच सोपी नव्हती. १९३३ नंतर जर्मनीतून आणि पुढे ऑस्ट्रियातून यहुदी पळून येऊ लागले. आन्नाबाईंच्या दिवाणखान्यात कवी, चित्रकार, प्राध्यापक, वादक जमत. मनाने अजून बर्लिन-व्हिएन्नात राहणाऱ्या त्या मंडळींना हे घर म्हणजे अर्ध्या वाटेवरची धर्मशाळाच होती. आपणही या देशात आलो तेव्हा पहिल्या दिवसांत ज्या घरी भात-कालवण आणि मराठी शब्द मिळत, ते घर आपल्याला कसे वाटे, ते आठवून पाहावे. डॉक्टरांच्या बोस्कोवित्से गावच्या यहुद्यांना मात्र वाट मिळाली नाही. १९४२ साली नाझींनी त्यांना तेरेझीनच्या छावणीकडे नेले. शेकडो वर्षांची ती वस्ती कायमची उठली.

एक गंमतीची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. खुपऱ्यांची खूण सूक्ष्मदर्शकात प्रथम पाहिली ती १९०७ साली जावा बेटावर, लुडविग हाल्बरश्टेटर आणि त्यांचे सहकारी प्रोवाझेक यांनी. हे हाल्बरश्टेटर जर्मन यहुदी. १९३३ साली तेही हिटलरच्या भयाने यरुशलेमला आले आणि हदासा इस्पितळात किरणोपचाराचे काम करू लागले. म्हणजे ज्यांनी रोगाची खूण प्रथम पाहिली आणि ज्यांनी आयुष्यभर त्या रोगाशी झुंज दिली, ते दोघे एका शहराचे रहिवासी झाले. तो जंतू प्रयोगशाळेत वेगळा काढण्यास पुढे १९५७ साल उजाडावे लागले. ते काम चीनमधील डॉक्टर तांग फेईफान यांनी केले. दरम्यान सल्फाची औषधे आणि नंतर अँटिबायोटिक मलमे आली, आणि मोरचुदाचा खडा कपाटात गेला.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र जन्मास आले आणि यरुशलेमचे दोन तुकडे झाले. मध्ये भिंती आणि काटेरी तारा आल्या. डॉक्टरांचे घर पश्चिमेकडे राहिले. बेथलेहेमचा किंवा कोटाच्या आतला जुना रोगी आता पलीकडे, दुसऱ्या राज्यात. ज्यांच्या डोळ्यांत त्यांनी स्वतः औषध घातले ते लोक हाकेच्या अंतरावर असूनही येऊ शकत नव्हते. सुऱ्याने जे घडले नाही ते सरहद्दीने घडविले. तरी डॉक्टरांनी काम सोडले नाही. आता नव्याने आलेले ओलिम त्यांच्या दारी होते.

डॉक्टरांना एक छंद होता, तो हनुक्काचे दिवे जमविण्याचा. पितळेचे, चांदीचे, निरनिराळ्या देशांतील यहुद्यांनी आपापल्या कारागिरीने घडविलेले दिवे त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले. ते दिवे मी त्या घरात पाहिले. आपण तर शनवार तेल्यांचे वंशज, तेव्हा तेलाची वाटी दिसली की आपली नजर आपोआप तेथे जाते. कोणत्या दिव्यात तेल किती मावेल आणि वात कशी राहील, याचीच आम्हां बायकांची चर्चा चालली होती. दिवसभर अंधुक डोळे पाहणाऱ्या माणसाने संध्याकाळी दिवे पाहत बसावे, यात मला नवल वाटले नाही.

१९६० साली डॉक्टर टिखो वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. आन्नाबाई त्यानंतर वीस वर्षे त्याच घरात राहिल्या. यरुशलेमचे ज्या डोंगरांनी त्यांना तरुणपणी घाबरविले होते, तेच डोंगर, तेच दगड, तीच ऑलिव्हची झाडे त्यांनी आयुष्यभर काढली. तरुणपणी समोर बसून बारीक रेघांनी, आणि म्हातारपणी घरी बसून आठवणीने, कोळशाने आणि रंगांनी. १९८० साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी त्या वारल्या. जाताना घर, चित्रे, पुस्तके आणि पतीने जमविलेले दिवे, सर्व काही त्यांनी यरुशलेमच्या लोकांसाठी म्हणून इस्राएल म्युझियमकडे ठेवून दिले. १९८४ साली घर लोकांसाठी उघडले. आज तेथे चित्रांची प्रदर्शने भरतात, बागेच्या बाजूस उपाहारगृह आहे.

त्या घराने सरदार पाहिला, शहाण्यांना फसविणारा की शहाण्यांनी फसविलेला असा तो व्यापारी पाहिला, डॉक्टर पाहिला आणि चित्रकर्ती पाहिली. बांधणारा श्रीमंत होता. मधला दहा लाख पौंडांचे स्वप्न पाहत होता. पण गल्लीतल्या मुलाला विचाराल तर तो फक्त टिखोंचे नाव सांगेल.

जाता जाता एक बातमी सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की भारतात खुपऱ्या हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही. १९६३ साली सरकारने त्यासाठी मोहीम सुरू केली होती. साठ वर्षे लागली. शस्त्रक्रिया, औषध, धुतलेले तोंड आणि स्वच्छ पाणी, या चार गोष्टींनी ते काम झाले. आज रेवदंड्याच्या ओटीवर माझ्या आजीसारखी बाई बसलेली नसेल, आणि दाराच्या उजेडात चिमटा घेऊन उभी राहणारी आत्याही नसेल. ती बातमी वाचली तेव्हा मला आजीचे पुढे केलेले हात आठवले.

रोज सकाळच्या तेफिल्यात आपण आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्या परमेश्वराचे आभार मानतो. घाईघाईने म्हणतो आणि पुढे जातो. पुढच्या वेळी यरुशलेमला गेलात तर कोतेलहून परतताना अर्धा तास काढून त्या गल्लीत शिरा. नातवंडांनाही बरोबर न्या. वरची चित्रे आणि दिवे त्यांना आवडतील. पण खालच्या मजल्यावर क्षणभर थांबा आणि त्यांना सांगा की येथे एक डॉक्टर बसत असत, आणि ज्या वर्षी त्यांना सुरा लागला त्यानंतरही ते येथेच बसत राहिले.